जोतं आणि मजले : एकावर एक बसणाऱ्या बोर्डांचा इतिहास

(शनिवार पेठेत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



आपण आत्ता बसलोय तिथून शनिवारवाडा चालत पाच-सात मिनिटांवर आहे. १७३० च्या जानेवारीत थोरल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. मग मजले चढत गेले. १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली आणि ते जळून गेले. आज तिकीट काढून आत गेलं की काय दिसतं? तट, बुरूज, दरवाजे आणि दगडी जोती. कुठे दालन होतं, कुठे हौद होता, हे आपण जोत्यांवरून ओळखतो. मजले गेले, जोतं राहिलं.

आजचा विषय वाड्याचा नाही, संगणकाचा आहे. पण ही जोत्याची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आम्ही म्हणजे जुनी नियंत्रक यंत्रं दुरुस्त करणारी चार माणसं. टेबलावर ठेवायचा संगणक हे आमचं काम नव्हे. यंत्राच्या पोटात बसून वर्षानुवर्षं एकच काम करणारा संगणक असतो, त्याला एम्बेडेड संगणक म्हणतात. त्याला पडदा नसतो, बऱ्याचदा कीबोर्डही नसतो. लिफ्टमध्ये, पेट्रोलपंपावर, दवाखान्यातल्या उपकरणात, कारखान्यातल्या पॅनेलमध्ये तो असतो. आणि अशा संगणकाला एखादं जास्तीचं काम शिकवायचं असेल, म्हणजे तापमान मोजायचं, मोटर चालवायची, तर त्याच्यावर एक बोर्ड बसवतात. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. डब्यावर डबा. ऑफिसात नेतो तो जेवणाचा डबा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र बरोबर होईल.

सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो.

भोसरीच्या बाजूला एक छोटा कारखाना. तिथे स्प्रिंगा दाबून त्यांचा जोर मोजणारं यंत्र होतं, नव्वदच्या दशकातलं. पोटात चार बोर्डांची चळत. सगळ्यात खाली मुख्य संगणक, त्यावर मोजमापाचं बोर्ड, त्यावर रिले चालवणारं बोर्ड, सगळ्यात वर संदेश पाठवणारं. रिलेचं बोर्ड जळालं होतं. आम्ही त्याच जातीचं जुनं बोर्ड शोधून आणलं, बसवलं, यंत्र सुरू केलं. रिले हलेनात, आणि वर जोराचे आकडे वेडेवाकडे यायला लागले. एकाच स्प्रिंगचा जोर एकदा इतका, एकदा तितका.

आकडे चुकतात म्हणजे मोजमापाचं बोर्ड बिघडलं, असं आम्ही ठरवलं. ते काढलं, तपासलं, साफ केलं, परत बसवलं. दोन दिवस गेले. कामगार बसून, मालक फोनवर गिऱ्हाइकाची समजूत घालतोय. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाची नजर पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला गेली. तिथे एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, दोन नंबर ३००, तीन नंबर ३२०. बस, एवढंच. निवृत्त होऊन गेलेल्या कुणा इलेक्ट्रिशियनचं अक्षर.

मोजमापाचं बोर्ड निर्दोष होतं. आम्ही आणलेलं बोर्ड ३०० या पत्त्यावर लावलेलं होतं, आणि त्या पत्त्यावर आधीच दुसरं कोणीतरी राहत होतं. संगणकानं '३०० नंबर, काय आकडा आहे?' असं विचारलं की दोघंही एकदम उत्तर देत होते. आणि ३२० वर हाक मारली की ओ द्यायला कोणीच नव्हतं, म्हणून रिले गप्प. एक जम्पर, म्हणजे नखाएवढी टोपी, एका जागेवरून दुसरीकडे सरकवली आणि यंत्र चालू झालं.

त्या रात्री आम्ही एकमेकांना विचारलं, की हे असं का आहे? पत्ता हातानं का लावावा लागतो? बोर्ड एकमेकांवर का बसतात, शेजारी शेजारी का नाही? आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नांचं उत्तर आहे.

आता थोडं मागे जाऊ.

१९७५ साली अमेरिकेत अल्टेअर ८८०० नावाचा संगणक आला. हौशी लोकांनी घरी जोडायचा संच. त्याच्या पोटात १०० पिनांचे कनेक्टर होते आणि त्यात कार्डं उभी खोचायची. प्रत्येक कनेक्टरच्या पहिल्या पिनेला तीच तार, दुसऱ्या पिनेला तीच तार. या सगळ्यांच्या सामायिक तारांना बस म्हणतात. आपल्या पीएमपीची नव्हे, पण कल्पना तीच आहे, कोणीही कुठल्याही थांब्यावर चढावं, रस्ता एकच.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यात पाच खाचा होत्या, कार्डाच्या कडेला ६२ संपर्क. १९८४ च्या एटी या मॉडेलमध्ये आणखी ३६ संपर्कांचा तुकडा जोडला गेला, एकूण ९८. आयबीएमनं एक गोष्ट अशी केली की जिचे परिणाम त्यांनाही तेव्हा दिसले नसतील. कुठली तार कशासाठी, हे सगळं आकृत्यांसकट पुस्तकात छापून टाकलं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही छोट्या कारखान्याला त्या खाचेत बसणारं कार्ड बनवता आलं.

आणि मग १९८७ साली आयबीएमनं स्वतःच ते सोडलं. पीएस/२ या नव्या संगणकांत मायक्रो चॅनेल नावाची नवी बस आणली, आणि ती वापरायची तर आयबीएमशी करार करायचा. बाकीच्या कंपन्यांनी ऐकलं नाही. १९८८ मध्ये नऊ कंपन्या एकत्र आल्या, जुन्या बसला त्यांनी आयसा हे नाव दिलं आणि तिच्याच पुढची आवृत्ती काढली. म्हणजे बघा, घरमालक वाडा सोडून गेला, आणि भाडेकरूंनी मिळून तो सांभाळला. पेठेत राहणाऱ्यांना हे नवीन नाही.

त्याच १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या ॲम्प्रो नावाच्या कंपनीसमोर वेगळाच प्रश्न होता. पीसी स्वस्त झाला होता, त्याची प्रणाली सगळ्यांना येत होती, तर तो यंत्रांच्या पोटात का घालू नये? अडचण कार्डांची. पीसीचं कार्ड उभं असतं, एका कडेवर खोचलेलं आणि एका स्क्रूनं धरलेलं. टेबलावर ठीक आहे. पण प्रेसच्या शेजारी, ट्रकमध्ये, धक्के खाणाऱ्या यंत्रात ते कार्ड हलतं, संपर्क सुटतो. शिवाय जागा किती खातं! एका छोट्या कामासाठी एवढी मोठी पेटी.

त्यांनी केलं ते असं. कार्ड आडवं केलं. आकार ठेवला ९० गुणिले ९६ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. कडेला खोचायच्या संपर्कांऐवजी पिना बोर्डातून आरपार काढल्या. बोर्डाच्या वरच्या अंगाला भोकं, खालच्या अंगाला पिना. वरच्या बोर्डाच्या पिना खालच्याच्या भोकांत जातात. मदरबोर्ड नाही, खाचांची पट्टी नाही, चळत हीच बस. चारी कोपऱ्यांत स्पेसर, दोन बोर्डांत अंतर ०.६ इंच, म्हणजे १५.२४ मिलिमीटर. चार कोपऱ्यांत आवळलेली चळत हलवली तरी एकसंध हलते.

पिना किती? ६४ आणि ४०, मिळून १०४. आयसाच्या ९८ पेक्षा सहा जास्त, आणि त्या मुख्यतः ग्राउंडसाठी. म्हणून नाव पीसी-१०४. १९९२ च्या फेब्रुवारीत काही कंपन्यांनी मिळून त्याची संघटना काढली आणि मापं खुली केली. आयबीएमनं सोडलेल्या जोत्यावर हा नवा मजला उभा राहिला.

यात एक बारीक, पण महत्त्वाचा बदल होता. पीसीच्या बसवर प्रत्येक कार्डानं तार ढकलायला २४ मिलिअँपिअरची ताकद ठेवायची, कारण तारा लांब आणि खाचा बऱ्याच. चळतीत अंतरं बोटभर, म्हणून इथे बहुतेक तारांना ४ मिलिअँपिअर पुरे, असं ठरलं. त्यामुळे एक बोर्ड साधारण एक-दोन वॅटमध्ये भागवायला लागलं. वीज कमी म्हणजे उष्णता कमी. उष्णता कमी म्हणजे पंखा नको. आणि पंखा नको म्हणजे धूळ ओढून बंद पडणारी वस्तू एक कमी. कारखान्यात काम केलेल्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता बसवण्याकडे येऊ. कारण या इतिहासातला प्रत्येक टप्पा बोर्ड बसवताना हाताला लागतो.

पहिली गोष्ट, वीज बंद. नुसतं बटण नव्हे, प्लग काढा आणि मिनिटभर थांबा. दुसरी गोष्ट, मनगटाला अर्थिंगचा पट्टा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत नायलॉनचा शर्ट घालून खुर्चीवरून उठलात, तरी अंगावर एवढी स्थिर वीज साठते की चिप जाते. आपल्याला कळतही नाही.

तिसरी गोष्ट, काढण्याआधी लिहून घ्या. किंवा फोटो काढा. कुठलं बोर्ड कितव्या मजल्यावर, आणि प्रत्येक जम्पर कुठे. आयसाच्या जमान्यात बोर्ड स्वतःची ओळख सांगत नव्हतं. तुमचा पत्ता ३०० की ३२०, तुमचा इंटरप्ट ५ की ७, हे माणसानं ठरवायचं आणि टोपी लावून सांगायचं. ३०० च्या आसपासचे पत्ते पीसीमध्ये प्रयोगाच्या कार्डांसाठी मोकळे ठेवलेले होते, म्हणून बनवणारे बरेच जण कारखान्यातून बोर्ड ३०० वरच लावून पाठवायचे. आमची चूक तिथून आली.

चौथी गोष्ट, स्पेसर आधी. मग बोर्ड वर धरून दोन्ही कनेक्टर डोळ्यांच्या रेषेत आणून बघा. दोन जागी खूण आहे, तिथे पिन नाही आणि समोरचं भोक बुजवलेलं आहे. बोर्ड उलटं किंवा एक पिन सरकून बसू नये म्हणून. पण ही खूण दांडगाईपुढे टिकत नाही. बसत नाही म्हणून जोर लावू नका, काढून परत बघा. दाबताना दोन्ही अंगठे कनेक्टरवर, बोर्डाच्या मध्यावर नाही. काढताना तर जास्त जपायचं. एका कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की दुसऱ्या टोकाच्या पिना वाकल्याच. या बाजूनं थोडं, त्या बाजूनं थोडं, असं हलवत सरळ वर उचलायचं.

पाचवी गोष्ट, मजल्यांचा क्रम. काही जुनी बोर्डं आठ बिटांची असतात, त्यांना ६४ पिनांचाच कनेक्टर. ४० वाला नाहीच. असं बोर्ड मध्ये घातलं तर त्याच्या वरच्या बोर्डाला ४० तारा पोचणार नाहीत. जिना मध्येच संपला. म्हणून ते सगळ्यात वर. आणि जे बोर्ड जास्त तापतं, ते मध्ये कोंडू नका.

सहावी, एकेक मजला चढवून बघा. एक बसवला, वीज दिली, पाच व्होल्ट आहेत का मल्टिमीटरनं पाहिलं, चालतंय, मग पुढचा. घाई असते, मान्य आहे. पण चारही एकदम बसवले आणि बिघाड आला, तर कोणाचा दोष हे कळायला आमच्यासारखे दोन दिवस जातात.

पुढे काय झालं? १९९७ मध्ये पीसीआय ही वेगवान बस चळतीत आली, १२० पिनांचा तिसरा कनेक्टर घेऊन. पीसी-१०४ प्लस. यात पत्ते संगणक स्वतः वाटतो, जम्परची कटकट गेली. पण नवी आली. जास्तीत जास्त चार बोर्डं, आणि प्रत्येकाला आपण कितव्या मजल्यावर आहोत हे एका छोट्या फिरत्या स्विचनं सांगावं लागतं. कारण घड्याळाचा ठोका प्रत्येकाला एकाच क्षणी पोचायला हवा, आणि खालच्यापेक्षा वरच्याकडे जायचा रस्ता लांब. म्हणून जवळच्याची तार बोर्डावर मुद्दाम लांब ठेवलेली असते. दोन बोर्डांवर एकच मजला लावला, की परत आमचीच गोष्ट.

२००८ च्या एक्सप्रेस आवृत्तीत हा प्रश्न फार हुशारीनं सुटला. प्रत्येक बोर्ड पहिली जोडणी स्वतः घेतं आणि उरलेल्या एक घर सरकवून वर देतं. पंगतीत ताट पुढे सरकवतात तसं. कोणी कुठेही बसो, त्याला पहिलंच ताट मिळतं. माणसानं नंबर लावायची गरज उरली नाही.

एव्हाना टेबलावरच्या संगणकातून आयसाच्या खाचा केव्हाच गेल्या होत्या, २००० सालाच्या आसपासच. पण यंत्रांच्या पोटात ती बस चालू राहिली. नव्या चिपांना ती भाषा येत नाही, म्हणून मध्ये दुभाषी चिप बसवून का होईना, चालू राहिली. कारण कारखान्यातलं यंत्र पंचवीस वर्षं चालतं, आणि संगणकाची पिढी पाच वर्षांत बदलते.

आता आपल्या गावाकडे येऊ. इथून नव्या पुलावरून पलीकडे गेलं, की थोड्या अंतरावर आपलं सीओईपी, १८५४ पासूनचं. तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ नं वर गेला. त्या एका उड्डाणात २० उपग्रह होते. स्वयम्‌चं वजन साधारण एक किलो, आकार १० सेंटिमीटरचा घन.

हा घन आला कुठून? १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या उपग्रहासाठी एकच माप ठरवलं, १० सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक कॉलेजाला रॉकेटवाल्यांशी नव्यानं वाटाघाटी नकोत. त्या घनाच्या आत बोर्डं कुठल्या मापाची बसतात? ९० गुणिले ९६ मिलिमीटरची! जगभरच्या अशा घनउपग्रहांत पीसी-१०४ चा आकार सर्रास वापरला गेला. वीज एका बोर्डावर, संगणक दुसऱ्यावर, रेडिओ तिसऱ्यावर. कारखान्यातले धक्के सोसायला काढलेली चळत रॉकेटचे धक्के सोसायला उपयोगी पडली.

पण इथे एक सापळा आहे. आकार तोच, पिनाही १०४, पण उपग्रहांच्या बोर्डांत त्या पिनांचे अर्थ आयसाचे नाहीत, आणि एका उत्पादकाचे दुसऱ्याशी जुळतीलच असंही नाही. बोर्ड अगदी झकास बसतं आणि पहिल्या विजेला जळतं. आकार जुळला म्हणजे करार जुळला, असं नाही. लग्नं जुळवणाऱ्यांना हे माहीत असतं. (हशा)

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ इथे आर्डुइनो आलं. त्याच्या वर बसणाऱ्या बोर्डांना शील्ड म्हणतात. त्याच्या एका बाजूच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर नेहमीच्या ०.१ इंचाच्या जाळीत बसत नाही. मूळ आराखड्यातली चूक ती. पण लक्षात येईपर्यंत बोर्डं बाजारात गेली होती आणि लोकांनी त्यांवर शील्ड बनवायला घेतल्या होत्या. चूक सुधारली तर त्या सगळ्या वाया. म्हणून ती चूकच प्रमाण ठरली, आणि तिचा एक फायदाही निघाला, शील्ड उलटी बसत नाही.

मग रास्पबेरी पाय. २०१२ मध्ये २६ पिना, २०१४ मध्ये ४०. वर बसणाऱ्या बोर्डाला हॅट म्हणतात. हॅटवर एक छोटी स्मृती-चिप असते, आणि तिच्यात लिहिलेलं असतं, मी कोण, मला कोणी बनवलं, माझ्यासाठी कुठल्या पिना कशा लावाव्यात. सुरू होताना संगणक ते वाचतो. म्हणजे पॅनेलच्या दारावरचा तो पिवळा कागद आता बोर्डाच्या पोटात गेला.

तरी एक सावधगिरी. या पिना थेट मुख्य चिपला जोडलेल्या आहेत, त्यांना ३.३ व्होल्टच सोसतात, आणि त्यांच्या शेजारी ५ व्होल्टच्या पिना आहेत. खूण वगैरे काही नाही. एक ओळ सरकून बसवलं की संपलं. पीसी-१०४ नं १९९२ मध्ये सोडवलेला प्रश्न स्वस्ताईपायी परत आला. इतिहास असाच असतो. प्रत्येक पिढी आधीचं सगळं घेऊन पुढे जातेच, असं नाही.

समारोप करतो. सुरुवातीला जोत्याबद्दल बोललो होतो. या गोष्टीत जोतं म्हणजे ते हिरवं बोर्ड नव्हे. ते जळतं, चिपा बंद होतात, कंपन्या विकल्या जातात. जोतं म्हणजे करार. कुठल्या पिनेवर काय, दोन बोर्डांत अंतर किती, हे उघडपणे लिहून ठेवणं. आयबीएमनं ते छापलं म्हणून आयबीएम गेल्यावरही ते राहिलं. आणि त्याच कराराचं सगळ्यात छोटं रूप म्हणजे पॅनेलच्या दारावरचा तो कागद. त्या इलेक्ट्रिशियननं पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन आकड्यांवर एका कारखान्याचं काम अडलं होतं. त्यानं ते लिहिलं नसतं, तर आम्ही निर्दोष बोर्ड फेकून दिलं असतं, आणि बहुधा यंत्रही भंगारात गेलं असतं.

म्हणून आता आम्ही कुठलीही चळत उघडली की आधी दाराला नवा कागद लावतो. मजला, पत्ता, इंटरप्ट, तारीख. मराठीत, ठळक अक्षरात. वरून पारदर्शक चिकटपट्टी.

प्रश्न असतील तर विचारा.

(श्रोत्यांतून प्रश्न : इतकं जुनं सांभाळण्यापेक्षा सगळं यंत्र नवीन का घेऊ नये?)

घेता येत असेल तर जरूर घ्या. पण छोट्या कारखान्यात लोखंड अजून उत्तम असतं, मोटर उत्तम असते, फक्त पोटातला तळहाताएवढा तुकडा जुना झालेला असतो. तेवढ्यासाठी टनभर यंत्र फेकायचं का? तापकीर गल्लीत आजही माणसं हातात एक जळकं बोर्ड घेऊन दुकानांतून विचारत फिरताना दिसतील. त्यांना नवीन यंत्र नको असतं. हे कुठे बसतं, हे सांगणारं माणूस हवं असतं.